ऑस्करसाठी घरच्या घरी गप्पी: पहिल्यापासून सगळं

भाऊ जर्मनीला गेला आणि जाताना त्याचा ऑस्कर मासा माझ्या गळ्यात मारून गेला. चार फुटी टाकी, वीतभर मासा, आणि वर सूचना अशी की "आठवड्यातून एकदा जिवंत मासे दे गं, नाहीतर रुसतो." रुसतो म्हणजे खरंच रुसतो, कोपऱ्यात जाऊन आडवा पडून राहतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं गेलाच. मग मी दर शनिवारी दुकानातून पिशवीत दहा-बारा फीडर, म्हणजे खाऊ म्हणून विकतात ते, गोल्डफिश आणायला लागले आणि तिसऱ्या की चौथ्या पिशवीबरोबर घरात व्हाइट स्पॉट हा माशांचा रोग आला. ऑस्कर वाचला, पण तीन आठवडे रोज पाणी बदल, मीठ टाक, हीटर वाढव यात माझी पार वाट लागली. तेव्हा ठरवलं की याचा खाऊ घरीच तयार करायचा, म्हणजे गप्पी नावाचे छोटे मासे घरीच वाढवायचे.

हे लिहितीये कारण मला तेव्हा सगळं तुकड्यातुकड्यानं कळलं, आणि त्यातलं निम्मं दोनदा अख्खी टाकी रिकामी झाल्यावर कळलं. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे एक वाचा: पहिले चार महिने एकही गप्पी खायला द्यायचा नाही. एकही म्हणजे एकही नाही. चार महिने तुम्ही ऑस्करवाले नाही, गप्पीवाले आहात असं समजा. ज्यांचं फसतं त्यांचं इथंच फसतं, दहा पिल्लं दिसली की हात शिवशिवतो आणि मग दर दोन महिन्यांनी पुन्हा दुकानाच्या दारात उभं राहायचं.

१. आधी बघा, खरंच गरज आहे का

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असल्या मोठ्या शिकारी माशांना जिवंत मासे लागतातच असं काही नाही. चांगल्या पेलेटवर, म्हणजे दुकानातल्या दाणेदार खाण्यावर, ते मस्त जगतात आणि रोजचं जेवण पेलेटच असायला पाहिजे. जिवंत मासा म्हणजे आपल्याकडे रविवारची मिसळ, रोज खाल्ली तर काय होईल तसंच. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. ज्यांच्याकडे पकडून आणलेला मरळ आहे किंवा असा कुठला मासा आहे जो हलत नाही त्या वस्तूकडे बघतच नाही, त्यांना मात्र सुरुवातीला जिवंत खाऊशिवाय पर्याय नसतो. आणि हो, चिकनचे तुकडे टाकणारे खूप आहेत, तसं करू नका, कोंबडीची चरबी माशांना नीट पचत नाही.

२. गोल्डफिश नको, चिलापी नको, गप्पी घ्या

गोल्डफिश सगळीकडे फीडर म्हणून विकतात म्हणून आपल्यालाही वाटतं की तेच द्यायचे असतात. पण गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-वन जीवनसत्त्व मोडून टाकतं, म्हणजे सतत गोल्डफिशच खाणारा मासा पोटभर खाऊनही आतून खंगत जातो. शिवाय ते घरी पैदास करायला किचकट, अंडी घालणारे, वाढायला वेळ लावणारे.

चिलापीचं पण कुणीतरी सुचवतंच, "ढिगानं होतात हो" म्हणून. होतात, पण पाठीवरचे काटे टोकदार असतात, घशात अडकतात, आणि टाकीत एकमेकांना जगू देत नाहीत. थाई मांगूरची पिल्लं कुणी देऊ केली तर हातच लावू नका, तो मासा पाळायलाच बंदी आहे.

गप्पी, मॉली, प्लॅटी हे पिल्लं देणारे मासे. अंडी नाहीत, अंड्यांवर बुरशी नाही, थेट पोहणारी पिल्लं. थायमिनेजची भानगडही नाही. मोठ्या तोंडाच्या माशाला ब्लॅक मॉली बरी, अंगानं भरलेली असते. पण पहिल्यांदा करताय तर साधा मिक्स गप्पी घ्या. तोच, जो डासांसाठी हिवताप खात्याचे लोक हौदात सोडतात. पंख्यासारख्या शेपटीचे फॅन्सी गप्पी दिसतात झकास पण नाजूक असतात आणि महाग पडतात, आणि खरं सांगू का, ते ऑस्करला घालताना जीव जास्त जळतो.

३. काय काय लागेल

मोठ्या गप्प्यांसाठी दोन बाय एक बाय एक फुटाची काचेची टाकी, यात साधारण ५५ लिटर पाणी बसतं. पिल्लांसाठी ४०-५० लिटरचा प्लास्टिकचा क्रेट किंवा जाड थर्माकोलचा डबा. थर्माकोल दिसायला गबाळा असतो पण थंडीत त्याच्यासारखं काही नाही. नवीन आणलेले मासे वेगळे ठेवायला वीस लिटरचा टब, तोही नवाच घ्या, रंगाची किंवा फिनेलची बादली कितीही घासली तरी नको.

एक एअर पंप, तीन स्पंज फिल्टर, नळी, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे म्हणून लोक घेत नाहीत, मग लाइट गेली की पाणी उलटं नळीतून पंपात उतरतं आणि पंपाबरोबर फरशी पण जाते. ५० वॉटचा हीटर, थर्मामीटर, अँटीक्लोरीनची बाटली, खडेमीठ, अमोनियाची टेस्ट किट. जाळ्या दोन, एक गप्पीची एक ऑस्करची, अदलाबदल नाही. टब, क्रेट, नळी हे सगळं पुण्यात बोहरी आळीत एका फेरीत होतं, मत्स्यालयाच्या दुकानात त्याच टबाचे दुप्पट लागतात.

वनस्पती पाहिजेतच, भरपूर. जावा मॉस, हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट, जे मिळेल ते. पिल्लांना लपायला जागा तीच. फक्त फुकट मिळते म्हणून मुठेतली जलपर्णी उपटून आणू नका. नदीचं पाणी काय आहे ते आपल्याला माहितीये, आणि मुळांत चतुराच्या अळ्या बसलेल्या असतात. माझ्या मैत्रिणीनं कुठल्याशा तळ्यातलं शेवाळ आणलं होतं, पंधरा दिवस पिल्लं कमी कमी होत गेली आणि ती गप्पीच पिल्लं खातायत म्हणून मोठ्यांना शिव्या घालत बसली. शेवटी डबा रिकामा केला तेव्हा तळाशी बोटाच्या पेराएवढी अळी निघाली, चांगली गुबगुबीत.

४. पाणी, आणि गुरुवारची गोष्ट

नवीन टाकीत पाणी भरलं आणि संध्याकाळी मासे सोडले असं करायचं नाही. माशांच्या शी-शूमधून अमोनिया तयार होतो, तो खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात बसायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई असेल तर ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तिथला वापरातला स्पंज मागून आणा, काम बरंच लवकर होतं. तरी टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसेपर्यंत थांबा.

गप्पीला जड पाणी चालतं, आवडतं म्हणा. त्यामुळे धायरी, आंबेगाव, वाघोली वगैरे भागात ज्यांच्याकडे बोअर किंवा टँकर आहे त्यांनी उगाच आरओचं पाणी घालत बसू नये, त्यात गप्पी सुकतात. फक्त पीएच जास्त असलेल्या पाण्यात अमोनिया जास्त घातक होतो, तेव्हा खाणं कमी आणि पाणी बदल नियमित. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, सगळं एकदम कधीच नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. एक दिवस बादलीत उघडं ठेवून हवा सोडली तर उडून जातो, नाहीतर अँटीक्लोरीन. आता माझा पराक्रम ऐका. गुरुवारी पाणी बंद होतं, शुक्रवारी सकाळी उशिरा आलं, आणि मी ऑफिसच्या गडबडीत मागच्या आठवड्याचा पाणी बदल राहिलाय म्हणून थेट नळाखालून दोन बादल्या भरून टाकीत ओतल्या. पाणी जरा गढूळ होतं आणि वास येत होता, तेही कळत होतं मला, पण नऊ वीसची बस होती. संध्याकाळी आले तर वर चाळीसेक गप्पी पांढरे पोट करून तरंगत होते. चूक पूर्ण माझी. तेव्हापासून बुधवारी रात्री दोन बादल्या भरून बाल्कनीत पातळ फडक्यानं झाकून ठेवते, आणि शुक्रवारच्या पाण्याला शनिवारपर्यंत हात लावत नाही. झाकून एवढ्यासाठी की पावसाळ्यात उघड्या बादलीत डासांच्या अळ्या होतात आणि तपासणीला आलेले लोक तुमची शास्त्रीय कारणं ऐकून घेत नाहीत, नोटीस हातात देतात. ज्या टबात पाणी साठून आहे त्यात दोन गप्पी असलेच पाहिजेत हा आमच्या घरचा नियम.

५. पहिले मासे आणताना

दहा माद्या आणि तीन नर, एवढे पुरतात. नर जास्त झाले की माद्यांच्या मागे लागून लागून त्यांना मारून टाकतात, अक्षरशः. ओळखायला सोपं: नर बारीक, रंगीत, पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार. मादी मोठी, फिकट, तोच पर पंख्यासारखा आणि पोटाच्या मागच्या टोकाला काळपट डाग.

घरी आणले की तीन आठवडे वेगळ्या टबात. हे मलाही पहिल्यांदा जास्तीचं वाटलं होतं. पण विचार करा, जो रोग गप्पीला तो उद्या ऑस्करच्या पोटात, आणि आपण घरी पैदास करतोयच मुळी त्यासाठी. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट. पर मिटून कोपऱ्यात थरथरतायत म्हणजे काहीतरी बिनसलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मादी स्थिर असताना मागून नीट बघा, शी करायच्या जागेतून लाल दोऱ्यासारखं काही बाहेर डोकावतंय का. दोन-तीन बारीक लाल टोकं, मासा हलला की आत जातात, थांबला की परत बाहेर. ते कॅमलॅनस जंत. गप्पी-मॉलीत बऱ्यापैकी दिसतात. लेव्हामिसोल हे जनावरांच्या डॉक्टरांकडचं औषध चालतं पण डोस आणि फेऱ्या सांभाळाव्या लागतात, नवख्या माणसानं ती सगळी लॉटच ऑस्करपासून लांब ठेवावी आणि दुसरीकडून मासे आणावेत. औषध चालू असलेला मासा खायला द्यायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

मेलेला मासा कमोडमध्ये टाकू नका, कुंडीत पुरा. माझा कढीपत्ता असा भरलाय की शेजारच्या काकू बी मागतात.

६. पिल्लं होताना

गप्पीची मादी २१ ते ३० दिवसांत पिल्लं देते, पाणी २६ डिग्रीच्या आसपास असेल तर साधारण महिना धरा. नव्या मादीला पाच-दहा, मुरलेलीला तीस-चाळीस सहज. आणि एकदा नर भेटला की ती पुढचे काही महिने नराशिवायही पिल्लं देत राहते, त्यामुळे "फक्त माद्या आणल्या होत्या, हे कसं झालं" म्हणून घाबरू नका.

दिवस भरत आले की पोट गोल न राहता चौकोनी दिसायला लागतं, पुढून बघितलं तर पेटीसारखं. मादी फिल्टरच्या मागे एकटी जाते. बहुतेक वेळा हे पहाटे होतं. मी एकदा चहाचा कप घेऊन नुसती बघत बसले होते, तिच्या पोटाखालून एक गोळी सुटली, स्वल्पविरामासारखी वळलेली, खाली पडता पडता मध्येच उलगडली आणि सरळ मॉसमध्ये घुसली. दोन डोळे आणि शेपूट, बाकी काही नाही. मिनिटभरानं दुसरं. तिसरं सुटलं ते मागे टपलेल्या दुसऱ्या मादीनं गिळलं.

म्हणून वनस्पती. दुकानदार प्लास्टिकची ब्रीडिंग बॉक्स गळ्यात मारेल, ती घेऊ नका, एवढ्याशा डबीत कोंडल्यावर मादी घाबरते, पिल्लं अडकवून धरते, कधी अर्धवट टाकते. टाकीचा निम्मा भाग मॉस आणि हॉर्नवर्टनं गच्च भरा, तिथून रोज सकाळी कपानं पिल्लं उचलून क्रेटमध्ये टाका. जाळीनं नको, कपानं. काही खाल्ली जातील, जाऊ द्या.

७. पिल्लांचं खाणं

पहिले दोन आठवडे दिवसातून तीन-चार वेळा, अगदी चिमूटभर. पेलेटची खलबत्त्यात पूड करा, टाल्कम पावडरसारखी. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो पण मोहरीएवढा, फडक्यातून पाण्यात दाबायचा. जास्त झाला की संध्याकाळपर्यंत पाणी दुधासारखं होतं आणि सकाळी सगळं शांत. माझी दुसरी टाकी अशीच गेली, सासूबाईंनी प्रेमानं अर्धं अंडं घातलं होतं.

सगळ्यात भारी म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, बाटली उलटी करून तळातून हवा, वर दिवा. २४ ते ३६ तासांत नारिंगी धूर आल्यासारखं दिसतं. हवा बंद करा, टरफलं वर येतात, जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, तिथून नळीनं ओढून घ्या, गोड्या पाण्यात धुवा आणि द्या. गप्पीची पोटं नारिंगी झाली की समजायचं पोचलं.

मोठ्यांना पेलेट, स्पिरुलिना (शेवाळाचं खाणं), आणि आठवड्यातून एकदा साल काढून उकडलेला मटार. दुकानातला जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) मी घेत नाही, तो बहुतेक गटाराकाठचाच असतो.

८. चार महिन्यांचा हिशोब

पहिला महिना टाकी तयार करण्यात आणि मासे वेगळे ठेवण्यात जातो. दुसऱ्यात पहिली पिल्लं. ती खाण्यालायक, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर व्हायला सहा ते आठ आठवडे. इथे झाले साडेतीन महिने. पण या पहिल्या पिल्लांतल्या पंधरा-वीस चांगल्या माद्या पैदाशीसाठी बाजूला काढायच्या, मगच उरलेल्यांकडे बघायचं.

दहा माद्या म्हणजे महिन्याला कागदावर अडीचशे-तीनशे पिल्लं. माझ्याकडे प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे मोठी होतात. ऑस्करला आठवड्याला डझनभर म्हणजे महिन्याला पन्नास. निम्मी शिल्लक राहते आणि ती राहायलाच पाहिजे, कारण एखादा महिना वाईट जातोच. सहा-आठ महिन्यांनी दुसरीकडून तीन-चार नवे नर आणा, पुन्हा तीन आठवडे वेगळे ठेवूनच, नाहीतर एकाच खानदानात वाकड्या पाठीची पिल्लं वाढायला लागतात.

९. खायला देताना

ज्यांना द्यायचंय त्यांना एक-दोन दिवस आधी वेगळं काढून भरपूर चांगलं खाऊ घाला. उपाशी गप्पी म्हणजे रिकामी पुरी, आत भाजी गेली तरच ऑस्करच्या अंगी लागतं. जास्तीचे नर आणि मध्यम पिल्लं द्यायची, पोटुशी मादी नाही, आणि मरगळलेला, आजारी मासा तर मुळीच नाही. "तसाही मरणारच आहे, देऊन टाकू" हा विचार सगळ्यात महागात पडतो.

जाळीनं उचला, गप्पीचं पाणी मोठ्या टाकीत जाऊ देऊ नका. एका वेळी तीन-चार सोडा, संपले की पुढचे. एकदम डझन सोडले की दोन फिल्टरमागे जातात आणि चार दिवसांनी वास येतो.

हे सगळ्यांना बघवत नाही, आणि नाही बघवत तर त्यात काही कमीपणा नाही. माझ्या भाच्यानं एका गप्पीचं नाव पिंट्या ठेवलं होतं, तो पिंट्या आजही आहे, त्याला आम्ही देत नाही. आईचं म्हणणं निदान संकष्टीला आणि श्रावणात नको. मी श्रावणभर पेलेटवर ठेवते, ऑस्कर पहिला आठवडा रुसतो, मग खातो. तब्येतीला उलट बरंच दिसतं ते.

१०. थंडी, उन्हाळा आणि गावाला जाणं

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा डिग्रीपर्यंत उतरतं, हीटर नसेल तर गप्पी मरत नाहीत लगेच, पण पैदास थांबते आणि व्हाइट स्पॉट येतो. पाणी २४-२६ वर ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलटं. गच्चीवरच्या डब्यांवर हिरवी जाळी बांधा, आणि दुपारी नळाला जे पाणी येतं ते वरच्या टाकीत उकळलेलं असतं, ते टबात ओतू नका. पाणी बदल सकाळी.

चार दिवस गावाला जाताय तर मोठ्या गप्प्यांना काही घालू नका, वनस्पतींवर भागवतात. शेजाऱ्यांना किल्ली देऊन "थोडंसं टाका हं" सांगणं टाळा, त्यांचं थोडंसं आणि आपलं थोडंसं यात मुठीचा फरक असतो. पिल्लं असतील तर मात्र एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या आणि बाकीचा डबा कपाटात.

११. जास्त झाले तर

होणारच. पाषाण-कात्रजचं तळं, मुठा नदी, कालवा, कुठेही सोडायचे नाहीत. गप्पी बाहेरचा मासा आहे, आपल्या ओढ्यातल्या छोट्या माशांच्या तोंडचं तो खातो. बंद पाणी असेल तिथेच द्या, सोसायटीचं कारंजं, कुणाचा हौद, बांधकामावरचं पिंप. आमच्या वॉचमन काकांना मी दोन वर्षांपूर्वी झाडांच्या पाण्याच्या पिंपात टाकायला दहा दिले होते. मागच्या महिन्यात माझा क्रेट फुटला आणि ऑस्करचं घोडं अडलं, तेव्हा काका म्हणाले किती पाहिजेत ते न्या, आणि चहाच्या गाळण्यानं उपसून तीस-एक मला डब्यात दिले. ते आमच्याच गप्प्यांचे नातू-पणतू, त्यामुळे नवीन रक्त म्हणून उपयोग शून्य. तीन आठवडे वेगळे ठेवलेत, येत्या शनिवारी पहिले चार देणार.